खाली पडलेला पेपर

मी गाडी घासायचा काळा पेपर बोलतोय. दोन हजार नंबरचा. हात फिरवलात तर म्हणाल, हा काय घासणार? पण आमच्यात नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक.

सध्या मी घाटकोपरच्या एका गॅरेजच्या खिडकीत पडून आहे. वाळून कडा वळल्यात. इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म कारखान्यातला, पण तो आठवत नाही. आठवते ती साबणाच्या पाण्याची बादली. शकुने मला त्यात भिजत घातलं होतं. शकु विक्रोळीहून यायची, कडेवर रांगायला लागलेली लेक मित्रा. कोपऱ्यातल्या हुकाला जुन्या साडीची झोळी बांधायची, पोरीला निजवायची आणि मग मला रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळायची.

रंग मारलेल्या गाडीवर वरून काचेसारखा थर मारतात. तो वाळला की संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. तो सपाट करायचं काम माझं. शकु एका हाताने पाणी सोडायची, दुसऱ्या हाताने मला फिरवायची, लेकराच्या पाठीवरून फिरवावा इतक्या हलक्या हाताने. खाली दुधासारखं पाणी उतरलं की तिच्या जिवात जीव. त्यात रंग दिसला तर वाट लागली, थर संपला.

आमचं काम झालं की गाडी राख फासल्यासारखी दिसते. मग मिथुन पॉलिशचं मशीन फिरवतो आणि ती चमकते. गाडीवाले त्याची पाठ थोपटतात. शकुला कुणी विचारत नाही. मला तर नाहीच नाही.

त्या दिवशी लाल गाडीचं बॉनेट होतं. अर्धं झालं असेल, तेवढ्यात मित्रा किंचाळली. शकुने वळून पाहिलं तर पोर झोळीबाहेर निम्मी लोंबत होती. हातातलं टाकून शकु धावली. पोर वाचली. मी मात्र ठोकळ्यासकट खाली, जमिनीवरच्या ओल्या मातीत.

खाली पडलेला पेपर परत गाडीला लावायचा नाही, असा गॅरेजचा नियम आहे. एखादा वाळूचा कण चिकटून राहतो आणि नव्याकोऱ्या रंगावर ओरखडा ओढतो.

मला पडताना कुणी पाहिलं नव्हतं. शकुने मला नळाखाली धुतलं. माझ्यावरून बोट फिरवलं. परत धुतलं, परत बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. कण होता.

ती तशीच उभी राहिली. पेपर का पडला ते सांगितलं तर झोळी जाणार, हे तिला ठाऊक होतं. पोरीमुळे काम अडलं तर झोळी बंद, असं गॅरेजच्या मालकाने, हर्षदशेठने, आधीच बजावलं होतं. आणि घरी पोरीला बघणार कोण? शेजारच्या वनमालाला स्वतःचीच पोरं आवरत नाहीत.

"शेठ, दुसरा दोन हजार द्या ना."

"सकाळीच तर दिला! खाल्लास काय गं?"

"पडला."

"कसा?"

शकुने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "मित्रा झोळीतून निसटत होती. धावले मी."

मिथुनने मशीन बंद केलं. "जाऊ दे ना शेठ. मित्रा तर आपली सुपरवायझर. ती ओरडली की सगळे कामाला लागतात."

हर्षदशेठ हसला नाही. "आणि पोर डोक्यावर पडली असती तर? झोळी सोड ती. उद्यापासून पोर आणायची नाही."

"बरं," शकु म्हणाली. नवा पेपर घेऊन तिने ते बॉनेट पुरं केलं. मला खिडकीत ठेवलं.

आता ती पोरीला वनमालाकडे सोडून एकटीच येते. घासता घासता मध्येच पाणी बंद करते आणि कान देते. इथे आवाज फक्त मशीनचा. मग ओला हात ड्रेसला पुसून फोन लावते. "वनमाला, खाल्लं का गं तिने? रडली का? जरा तिच्या तोंडाशी धर ना फोन." मग नुसती ऐकत राहते.

काल मिथुन मला कचऱ्यात टाकायला निघाला. "असू दे रे," शकु म्हणाली. तिने मला हातात घेतलं, बोट फिरवलं. त्याच जागी थांबलं.

मी आता गाडीच्या कामाचा नाही. मला टाकलंत तरी रडणार नाही. एवढंच मागतो, कोपऱ्यातला तो झोळीचा हूक उपटू नका. शकु येता-जाता वर बघते.