पुढच्या पाच खिडक्या

“पुढच्या जुन्या खिडक्या कुठं गेल्या?” महापालिकेकडून आलेल्या फ्रीझनबाईंनी हातातल्या फोटोवरून नजर उचलत विचारलं.

मी माझ्या पायमोज्यांकडे बघत राहिलो. त्या खिडक्या मीच काढल्या होत्या.

“नव्या छान बसल्यात ना?” ओरिसियाबाई खुशीत म्हणाल्या. “हा लॉइड, माझा शेजारी. दोन दिवसांत बसवल्या यानं.”

ओरिसिया हनातुक, वय चौऱ्याऐंशी, आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या रहिवासी. कॅनडातल्या या विनिपेग शहराची ट्राम जिथं संपायची तिथं त्यांच्या सासऱ्यांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. सासरे रेल्वेच्या कारखान्यात हमाल होते. खाली तीन खोल्या, वर एक माळा. घरात बघण्यासारखं काही नाही, हे मी चाळीस वर्षं शेजारी राहून सांगतोय. बाईंचा नवरा मेट्रो पुढच्या खोलीत जन्मला आणि त्याच खोलीत वारला. मूलबाळ झालं नाही.

डॉक्टरांनी बाईंना हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. घर जाणार होतं कॅल्गरीच्या पुतण्याकडे, आणि आपण ते बिल्डरला देणार हे त्या पठ्ठ्यानं लपवलंही नव्हतं. गल्लीतली अशी नऊ घरं आधीच पडली होती आणि त्यांच्या जागी दोन-दोन दारांची उंच खोकी उभी राहिली होती. शहराच्या वारसा यादीत गेलेलं घर पाडता येत नाही, असं बाईंनी पेपरात वाचलं. अर्ज भरला, फोटो जोडले. तपासणीला माणूस येणार असं पत्र आलं आणि बाईंच्या अंगातच आलं.

“लॉइड, या कुजक्या खिडक्या बघून तो काय म्हणेल? हनातुकांची सून घर असं ठेवते?”

“अहो बाई, त्यांना जुनंच बघायचं असेल.”

“जुनं असू दे, गलिच्छ नको. तू काढतोस की मी दुसरं कुणी बघू?”

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी रंगाचा डबा उघडतो. इस्टर असो, लग्न असो, पाद्री घराला आशीर्वाद द्यायला येवो. त्यात मी जन्मभर बसची इंजिनं दुरुस्त केलेली. जुनं काढ, नवं घाल, एवढंच मला येतं. शंका आली होती, पण मरणाला टेकलेल्या बाईला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. चौकटी उपसल्या, न्यायला सोपं म्हणून काचा पोत्यात घालून फोडल्या आणि सगळं कचराडेपोवर टाकून आलो.

बाईंनी पाहुणीसाठी टेबलावर बटाटा भरून उकडलेल्या पेरोग्या आणि खसखशीचा रोल मांडला होता. फ्रीझनबाईंनी हात लावला नाही.

“बाहेरून भिंतींना पत्रा कधी लावला?”

“बहात्तर साली. फळ्या सडायला लागल्या म्हणून मेट्रोनं लावला.”

“आणि व्हरांडा?”

“तोही त्यानंच बंद केला. सासूबाईंना थंडी सोसत नव्हती.”

फ्रीझनबाईंनी पेन खाली ठेवलं. “मिसेस हनातुक, तुमच्या अर्जात जीव होता तो या पाच खिडक्यांमुळे. एकशेदहा वर्षांचं लाकूड, लाटा असलेली जुनी काच. श्रीमंतांचे बंगले आमच्या यादीत भरपूर आहेत. कामगारानं शहराबाहेर स्वतः बांधलेलं घर, मूळच्या खिडक्यांसकट, आमच्याकडे एकही नाही.”

“मग आता?”

“मी समितीपुढे मांडेन. पण आशा ठेवू नका.”

“म्हणजे मी काहीच केलं नसतं, तर घर वाचलं असतं?”

फ्रीझनबाईंनी खिडक्यांचा फोटो फायलीत परत ठेवला. मग म्हणाल्या, “बहुतेक, हो.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“तू गप्प बस, लॉइड. तुला मी सांगितलं होतं.” बाईंनी पेरोग्यांची ताटली पाहुणीपुढे सरकवली. “खरं सांगितलंत, बरं केलंत. आता खा. गार होतंय.”

फ्रीझनबाई गेल्यावर मी तडक कचराडेपो गाठला. तिथल्या माणसानं नुसता हात करून दाखवलं. त्या ढिगावर माती लोटून झाली होती. परत येताना गाडीतच रडलो, अडुसष्टाव्या वर्षी.

बाई पुढच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. मी डेपोचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“मेट्रो कामावरून यायचा ना, तेव्हा त्या काचेतून वाकडातिकडा दिसायचा. पाण्यातून चालत आल्यासारखा. सासूबाई म्हणायच्या, त्याचे वडीलही तसेच दिसायचे.”

नव्या काचेतून रस्ता सरळ दिसत होता. समोरचं दोन दारांचं खोकंही अगदी स्वच्छ दिसत होतं.

काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं लेबल राहिलं होतं. बाई ते नखानं खरवडू लागल्या. अर्धंच निघालं. मी हात पुढे केला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “ओला फडका तेवढा आणून दे.”

मी फडका आणून दिला. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या आणि लेबलाचा चिकटपणा जाईपर्यंत काच पुसत राहिल्या.