धग टिकेल असं ग्रिल

माझा धाकटा भाऊ अश्विन कॅलगरीत बार्बेक्यू ग्रिल शोधतोय असं कळलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो. हा माणूस त्या ग्रिलवर भाजणार काय, दोडके? पण मग त्याच्या बायकोचा, आर्याचा, फोन आला आणि हसू पळालं.

"ताई, ग्रिल आणतो, त्याच्याकडे बघत बसतो आणि परत करून येतो. मग दुसरं आणतो. जेवण नाही, झोप नाही. बाल्कनीच्या दारापाशी बसून असतो नुसता. मला आता डर वाटतो. तुम्हीच विचारा, मला काही सांगत नाही."

मी शलाका. इंदूरला स्नेहलतागंजात राहते, शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मी आणि नाना, म्हणजे आमचे वडील, असे दोघंच होतो. जानेवारीत नाना गेले. अश्विनच्या गावचा विमानतळ तेव्हा बर्फाने बंद होता, तो येऊ शकला नाही. अग्नी मी दिला. काही नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. तेरवीच्या पंगतीत मात्र त्याच तोंडांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

रविवारी सकाळी पोहे परतून झाल्यावर मी अश्विनला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती आणि स्वारी दुकानातच होती. मागे ग्रिलांची रांग लागलेली. त्याचे गाल पार बसले होते.

"काय चाललंय रे तुझं? खरं बोल, नाहीतर येईन तिथे आणि कान पिळीन."

तो दोन ग्रिलांच्या मधे जाऊन उभा राहिला. "हसणार नाहीस ना?"

"आधी सांग तर."

मग त्याने सांगितलं. नाना गेले त्या दिवशी त्याने आमच्या लक्ष्मीकांत गुरुजींना फोन केला होता. मला हे ठाऊकच नव्हतं. गुरुजी म्हणाले, "अरे भिया, अग्नी इकडचा काय अन् तिकडचा काय! ताई इकडे देईल तेव्हा तू तिकडे कापूर पेटव, मंत्र मी बोलतो फोनवर." अश्विनकडे पिकनिकचं एक पत्र्याचं ग्रिल पडलेलं होतं, वापरून फेकायचं. त्यात कोळसे घातले, तूप घातलं, आणि बाल्कनीत, बर्फात, मी इथे ज्या वेळी पेटवलं त्याच वेळी त्याने तिथे पेटवलं. धूर घरात शिरला. अलार्म वाजायला लागले. अख्खी बिल्डिंग खाली उतरली, वरच्या मजल्यावरचा माणूस ओरडायला लागला. हा घाबरला. कठड्यावरचा बर्फ ओंजळी भरभरून त्याने त्या आगीवर टाकला.

"नानांचा अग्नी मी विझवला, ताई. बर्फ टाकून. अर्धाच झाला होता."

"अरे वेड्या, नाना इथे होते. माझ्यासमोर होते. पूर्ण..."

"इथेच आले ते," अश्विन म्हणाला. "बाल्कनीत बसतात. तोच जुना मरून रंगाचा स्वेटर. खांद्यावर बर्फ आहे. मे संपला यार ताई, लोक हाफपँट घालून फिरतायत, पण तो बर्फ वितळत नाही. बोलत काहीच नाहीत. शेकोटीपुढे बसल्यासारखे नुसते हात पुढे करून बसतात. समोर शेकोटी नाही ना. म्हणून ग्रिल आणतो, पण पेटवायची हिंमत होत नाही, परत करून येतो."

मी गणिताची बाई. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी त्या क्षणी मला भीती वाटली नाही, राग आला. चांगला सणसणीत, आणि तोही नानांचा. इतकी वर्षं त्यांची औषधं मी बघितली, नखं मी कापली, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं ते मी सोसलं. अग्नीसुद्धा मीच दिला. त्यानंतर या घरात मी रोज त्यांच्या खुर्चीकडे बघून चहा पीत होते, आणि हे जाऊन बसले होते परदेशात, लाडक्या लेकाकडे! हेवा म्हणतात तो हाच, हे मला तेव्हाच कळलं होतं.

गुरुजींना फोन केला तर ते तुकोगंजात दाताच्या डॉक्टरकडे बसलेले. मी तिथेच जाऊन धडकले. रुमालाने गाल धरून ते माझ्या शिव्या ऐकत राहिले आणि म्हणाले, "शलाकाजी, मी तर त्याच्या मनाची शांती व्हावी म्हणून बोललो. मला काय पता तो बर्फ टाकेल! आता जे अर्धं राहिलं ते पूर्ण करायचं, बस. त्याच्याच हाताने. पेटवल्यावर निखाऱ्यांची राख होईस्तोवर विझता कामा नये. मग पाठ फिरवायची अन् निघायचं. मागे वळून बघायचं नाही. अन् नाव घेऊन हाक तर बिलकुल मारायची नाही. हाक मारली की जाणारा थांबतो."

"आणि मग जातील?"

"मग जातील."

बरं वाटायला हवं होतं मला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र पहिल्यांदाच जाणवलं की आपण नानांना दुसऱ्यांदा पोचवायला निघालो आहोत. पण अश्विनचे गाल डोळ्यांपुढून जात नव्हते. पोर खंगत चाललं होतं.

मग आम्ही दोघं मिळून ग्रिल शोधू लागलो. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, तो दुकानात, मी स्वयंपाकघरात. बाल्कनीत कोळसे पेटवायला आता त्याच्या बिल्डिंगमध्ये सक्त मनाई होती, म्हणून त्याला आधी गॅसचं घ्यायचं होतं. बटण दाबलं की पेटतं म्हणाला.

"आणि बटण फिरवलं की विझतं. त्यात निखारे कुठायत? राख कशाची होणार?"

"मग इलेक्ट्रिक? धूर नाही, काही नाही."

"नानांनी सारी नोकरी वीज मंडळात काढली. आता पुन्हा विजेवर बसव त्यांना!"

बऱ्याच दिवसांनी तो हसला. मग कोळशाच्या ग्रिलांकडे वळलो. सुट्टीच्या दिवशी नाना गच्चीवर गोवऱ्या रचून कणकेचे बाफले भाजायचे, त्यामुळे धग कशी टिकते ते मला पाठ होतं. खालून वारा हवा, पण मोजका. वर झाकण हवं, पण जड. पत्रा पातळ असला की आग भडकते आणि धग निघून जाते. मी अश्विनला झाकणावर बोटाने वाजवायला लावलं. एक डब्यासारखं वाजलं, ते नको म्हटलं. एकाचे पाय लटपटत होते. एकाची खालची हवेची झडप बंदच होईना. शेवटी एक काळं, गोल, बुटकं ग्रिल मिळालं. जाड पोलादाचं, आत बिडाची जाळी, खाली राखेची थाळी. वाजवलं तर आवाज आतल्या आत राहिला.

"हे घे," मी म्हटलं.

"ताई, पक्कं ना? या वेळी विझायला नको."

"नाही विझणार," मी म्हटलं.

नदीकाठी एक बाग होती, तिथे कोळसे पेटवायला परवानगी होती. जूनच्या एका शनिवारी संध्याकाळी अश्विन ते ग्रिल घेऊन गेला. तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊलाही उजेड असतो. आर्या गाडीत थांबली. त्याने एका बाकावर फोन टेकवून ठेवला आणि समोर एक घडीची खुर्ची मांडली. इथे रविवारची सकाळ होती, मी ओट्याशी बसले. कापूर पेटला, कोळसे धरले. गुरुजी दुसऱ्या फोनवरून मंत्र म्हणत होते; ते संपल्यावर त्यांनी फोन ठेवला.

मला दिसत होतं फक्त ग्रिल आणि एक रिकामी खुर्ची.

"आले," अश्विन हळूच म्हणाला. "हात शेकतायत."

मी डोळे ताणताणून बघितलं. खुर्ची रिकामीच. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कोळसे लाल झाले, मग त्यांच्यावर पांढरी साय धरली. अश्विन मधूनमधून सांगत होता. बर्फ वितळतोय, ताई. स्वेटर ओला झालाय. आता सुकलाय. आता डोळे मिटून बसलेत, बाफले झाल्यावर बसायचे तसे. तो रडत होता, पण चेहरा मोकळा होत चालला होता. मला फक्त खुर्ची दिसत होती. मला एकदा तरी बघायला मिळावं, एवढंच मनात घोळत होतं.

राख झाली. अश्विनने हात जोडले, बाकावरचा फोन उचलला, पाठ फिरवली आणि चालू लागला. फोन कापायचं भान त्याला राहिलं नाही. हात खाली सोडलेला होता आणि फोनचा कॅमेरा मागे बघत होता.

गवत हलताना दिसलं. मग ते काळं ग्रिल, लांब लांब जाणारं. आणि खुर्चीतून नाना उठले.

स्वेटर ठाकठीक होता. फिरायला निघताना घ्यायचे तसे हात पाठीमागे घेतलेले. त्यांना कसली घाई नव्हती. कोणाला शोधतही नव्हते. ते नदीच्या दिशेने वळले आणि चालायला लागले.

मी फोन बंद करायला हवा होता. गुरुजींचा शब्द न् शब्द मला आठवत होता, विसरले वगैरे काही नाही. पण त्यांची पाठ लहान होत चालली होती, आणि जानेवारीत त्यांना असं चालत जाताना मला बघायलाही मिळालं नव्हतं.

"नाना," मी म्हटलं. अगदी हळू. वाटलं, एवढ्या लांब कुठे ऐकू जाणार.

ते थांबले.

"ताई? काही बोललीस?" अश्विनचा आवाज आला.

"नाही रे. चालत राहा. मागे बघू नकोस."

"गेले ना ते?"

"तिथून गेले," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

अश्विन आता बरा आहे. झोपतो, जेवतो. आर्याचा फोन येतो तेव्हा ती ताई, ताई करत राहते, मला अगदी लाजवते. खोटं कशाला बोलू, त्याच दिवशी दुपारी स्वयंपाकघरात एवढ्या उकाड्यात माझ्या हातावर शहारा आला आणि नाना शेगडीपाशी उभे दिसले, तेव्हा मला आनंदच झाला. खूप झाला. मी लहान मुलीसारखी रडले. त्यांना कायकाय सांगितलं, भाजीत मीठ बरोबर आहे का तेही विचारलं.

पण ते ऐकत नाहीत. शेगडीवर हात धरून उभे असतात, आणि कितीही वेळ धरले तरी ते हात तापत नाहीत. ज्योत आहे तोवर त्यांचं सगळं लक्ष ज्योतीवर. विझवली की मान वळवून माझ्याकडे बघतात. रागाने नाही. जाणाऱ्याला का थांबवलंस, एवढंच विचारल्यासारखे बघतात.

म्हणून गॅस मी बारीक करते, बंद करत नाही.