पाच बहिणींचा धडा

आर्णीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीची एकवीस घरं आहेत आणि पत्र्याचं छप्पर असलेलं एक चर्च. रविवारची उपासना आटोपली की तेरा ते अठरा वयाची मुलं मागच्या खोलीत बसत आणि विमलताई त्यांना शास्त्र शिकवत. विमलताई अंगणवाडी सेविका. एकोणीस वर्षं त्या हा वर्ग घेत होत्या. कोणता धडा घेता, असं तेवढ्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी मोशेच्या काळातल्या पाच बहिणींची गोष्ट घेतली. बाप वाळवंटात वारलेला, भाऊ नाही. जमिनीची वाटणी होणार, आणि मुलगा नाही म्हणून बापाचं नावच पुसलं जाणार. तर या पाचजणी सगळ्या लोकांदेखत मोशेपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या म्हणाल्या. मोशेने देवाला विचारलं. देवाने सांगितलं की पोरींचं म्हणणं बरोबर आहे.

निकिता बारावीला होती, महिन्यापूर्वीच अठराची झालेली. दोन वर्षांमागे शेतात वीज पडून तिचे वडील गेले. घरी आई मथुराबाई आणि चौदा वर्षांची खुशी. वडिलांचं शेत तेव्हापासून मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ देवराव, वाहत होते. देवराव मंडळीचे पंच. निकिताने विचारलं की हे खरंच शास्त्रात लिहिलंय का. ताईंनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि तूच वाच म्हणाल्या. तिने दोनदा वाचलं आणि भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं उतरवून घेतलं.

बुधवारी देवराव कागद घेऊन आले. हक्कसोड होती. मथुराबाई आणि निकिता शेतावरचा आपला हक्क राजीखुशीने सोडत आहेत, असं त्यात टाइप केलेलं. खुशी लहान, तिचं मागाहून पाहू म्हणाले. पोरी उद्या लग्न होऊन जातील, वाडवडिलांची जमीन दुसऱ्याच्या घरात कायले जाऊ द्यायची? मथुराबाईंनी पेन हातात घेतलाही होता. निकिताने तो काढून घेतला आणि मोठेबाबांच्या समोर वही धरली.

देवरावांनी वाचलं. ते स्वतः वेदीजवळ उभं राहून शास्त्र वाचणारे, त्यामुळे हे खोटं आहे असं काही त्यांना म्हणता येईना. त्यांनी एवढंच विचारलं की हे कोणी शिकवलं.

शनिवारी दुपारी पंचांनी विमलताईंना बोलावलं. चर्चचे पाळकसाहेब तरुण होते, वर्षभरापूर्वीच बदलून आलेले, आणि पंचांना दुखवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी गोडीने समजावलं की छापील पुस्तिकेत जे धडे आहेत तेवढेच घ्यावेत, ‘आईबापांचा मान राखा’ हा पुढचा धडा फार चांगला आहे, आणि देवरावांपाशी दिलगिरी व्यक्त केली की विषय संपला.

देवराव मधेच बोलले. "मले एक सांगा, बाई. आमच्या घरात कागदाचं चाललं हे तुमाले माहीत होतं का नाई?"

"माहीत होतं," विमलताई म्हणाल्या. "मथुरानं सांगतलं होतं."

"म्हणजे मुद्दाम घेतला हा धडा?"

"मुद्दामच घेतला."

मग ताईंनी आपलं सांगितलं. बाविसाव्या वर्षी माहेरी राजूरला भावांनी त्यांच्याकडून असाच कागद सही करून घेतला होता. वर हिरवं लुगडं दिलं आणि त्या लुगड्यात त्या गावभर मिरवल्या. ही गोष्ट शास्त्रात आहे हे त्यांना चाळिशीत कळलं. त्यानंतरही दरवर्षी ते पान आलं की त्या दोन पानं एकदम उलटून पुढे जात. "माफी मागायची तर त्याची मागतो," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या पोरींची. तुमची नाई, देवरावभाऊ."

दुसऱ्या दिवशी उपासना झाली तेव्हा मागच्या खोलीला कुलूप होतं. विमलताई सरळ चर्चच्या पुढच्या पायरीवर येऊन बसल्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याजवळूनच जावं लागत होतं. नऊ मुलं आली. दोघांना त्यांच्या आया हाताला धरून घेऊन गेल्या. ताईंनी उरलेल्या सातजणांना सांगितलं की आज मागचाच धडा पुन्हा, आणि निकिताला उभं केलं. ती मोठ्याने वाचायला लागली. पाच बहिणींची नावं तिने एकेक करून घेतली. चपला घालता घालता लोक थांबले.

देवराव पुढे आले आणि मुलांना उठून घरी जायला सांगितलं. कुणी उठलं नाही. निकिता वाचतच राहिली. मग ते भावजयीकडे वळले आणि तुझ्या पोरींना घेऊन जा म्हणाले. वीस वर्षांच्या संसारात मथुराबाई थोरल्या दिरासमोर कधी तोंड वर करून बोललेल्या नव्हत्या. आताही त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पदर सावरून त्या पायरीवर खुशीशेजारी बसल्या.

"वाच व माय," त्या निकिताला म्हणाल्या. "समोरचं वाच."

त्या महिन्यात विमलताईंचं नाव शिक्षकांच्या यादीतून काढलं गेलं. आर्णीहून नवीन शिक्षक येऊ लागले. खोलीत त्यांच्यापुढे दोन मुलं बसतात, पायरीवर सात. ऊन चढलं की ताई वर्ग कडुनिंबाखाली नेतात.

मथुराबाईंनी तिघींच्या नावाने वारस नोंदीचा अर्ज केला. देवरावांनी हरकत घेतली आणि तहसील कार्यालयात सुनावणी लागली. तिथल्या कारकुनाने कागद चाळत विचारलं की सोबत कोणी माणूस आला नाही का.

"आम्ही तिघी आलोत ना," निकिता म्हणाली. "आमचं ऐकून घ्या."

हरकत टिकली नाही. दिवाळीआधी सातबाऱ्यावर तिघींची नावं चढली. देवराव अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. येत्या हंगामाची पेरणी मथुराबाई स्वतः करणार आहेत.