झेंडूच्या फुलाखालचा पाऊस

सांगलीच्या देवळात लहानपणी ऐकलेल्या कीर्तनांतून विनोदिनीबाईंनी एक गोष्ट उचलली होती. बुवा ऐन रंगात आले की श्रोत्यांना प्रश्न घालत आणि चिपळ्या थांबवून गप्प उभे राहत. त्या शांततेत पोरंसोरंसुद्धा विचारात पडायची. दुष्काळी माण तालुक्यात विज्ञान शिकवायला आल्यावर बाईंनी तोच कित्ता गिरवला. पण त्या थांबल्या की अख्खा वर्ग एका सुरात म्हणे, "व्हय, बाई!"

विचारलेलं काहीही असो.

यंदा शाळेला बोटानं चालणारा मोठा पडदा मिळाला. त्यात डोंगर होता, वर ढग होता. ढगाला बोट लावलं की पाऊस पडे, उतारावर बांध ओढले की पाणी मुरे. पोरांनी बांध हलवावेत, चुकावं, 'असं का?' म्हणून विचारावं, एवढीच बाईंची आस. पण सांगितल्याशिवाय कुणी बोट उचलेना. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकटीपुरता भात शिजायचा, मोबाईलवर भरून ठेवलेलं कीर्तन लागायचं, आणि आजही आपल्याला कुणी काही विचारलं नाही, हे तेव्हा फार लागायचं. दिवाळीपर्यंत एकानं तरी विचारावं, नाहीतर बदली मागून सांगली गाठायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

खंडेनवमीला पोरांनी पाटीपुस्तकांबरोबर पडद्याचीही पूजा केली, चौकटीला झेंडूची माळ घातली. दसऱ्यानंतर बाईंनी पडदा सुरू केला, तर कुणी हात न लावता धो धो पाऊस. थांबता थांबेना.

"देव पावला, बाई!" मागून रविराज ओरडला. "आमच्या माणात लय पाऊस लागला!"

वर्ग खिदळला. माळ काढायला बाई पुढं झाल्या आणि मध्येच थांबल्या. बुवांसारख्या, गप्प.

कधी तोंड न उघडणारी अंकिता उठली. माळेचं एक फूल ढगावर लोंबत होतं. तिनं ते उचललं, पाऊस थांबला. सोडलं, लागला.

"सरक की, मला बघू दे!"

"आरं, पेन्सिल धर!"

"काचंला टेकत बी न्हाई, तरी पडतोय!"

पोरं पडद्यावर तुटून पडली. चौकटीतून न दिसणारे किरण आरपार जातात, काही आडवं आलं की पडद्याला ते बोट वाटतं, हे बाईंनी सगळ्यात शेवटी सांगितलं. तोवर पोरं निम्मं स्वतःच ओळखून बसली होती.

शाळा सुटली तरी अंकिता दाराशी उभी.

"बाई, माझा बा मुंबईला हाय. त्याचा फोन लागत न्हाई. मधी काय आडवं येत आसंल?"

ज्या प्रश्नाची इतकी वाट पाहिली, तो असा आला. बाईंनी पिशवीतून मोबाईल काढला.

"डोंगर असेल. चल, वर चढून बघू."

देवीच्या टेकडीवर वारं सुटलं होतं. खाली गाव, पलीकडं उघडं माळरान. बाईंनी आपल्या मोबाईलवरून अंकितानं सांगितलेला नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडं घंटी वाजू लागली.

"लागला, बाई!" अंकिता उडीच मारणार होती.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली.

"आता तर डोंगर न्हाई," ती हळू म्हणाली. "मग आता मधी काय हाय?"

बाई गप्प राहिल्या. ही शांतता बुवांची नव्हती.

त्यांनी पुन्हा नंबर लावला.