सहानंतर आठ

पाण्याच्या टाकीखालच्या बागेत झोपाळे दोन, पण एकाची साखळी सहा महिन्यांपासून वर गुंडाळून ठेवलेली. म्हणजे झोपाळा एक आणि पोरं ढीगभर. म्हणून तिथे एक नियम आहे. प्रत्येकाला वीस झोके, आणि ते मोजायचे रांगेत पुढचा नंबर असेल त्याने, मोठ्यांदा. फाटकावरच्या पाटीवर फुलं तोडू नका, कुत्री आणू नका, बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोपाळ्यावर बसू नये, असं सगळं लिहिलंय. हा नियम कुठेच लिहिलेला नाही, आणि पाळला जातो तो हाच.

माझा मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा झाला तरी बोलत नव्हता. बोट दाखवायचा आणि "म्म्" म्हणायचा. सासूबाई त्याला मुकादम म्हणायच्या. "बघ, तोंड न उघडता अख्ख्या घराला कामाला लावतो." डॉक्टरांनी कान तपासले, ते उत्तम होते. म्हणाले, "मुलांमध्ये न्या. आणि सारखी परीक्षा घेऊ नका त्याची." मी मुलांमध्ये नेलं. परीक्षाही घेतली. पुठ्ठ्याची शंभर कार्डं केली होती मी, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. कार्ड पुढे धरलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग जमिनीकडे.

बागेतल्या बाकावर रोज एक बाई बसायची. कपड्यांच्या दुकानाचं काम सोबत आणायची, शर्टांना बटणं लावायचं. मी मनातल्या मनात तिला बटणवाली म्हणायचे. तिची मुलगी चार वर्षांची, टकळी. हे नावही माझंच. तिच्या तोंडाची टकळी घसरगुंडीवरसुद्धा थांबायची नाही. आणि बटणवाली तिच्याकडे मान वर करून बघायचीही नाही! ना कार्डं, ना चित्रांची पुस्तकं, ना डॉक्टर. मी एवढी शिकलेली, डोळ्यांत तेल घालून बसलेली, आणि माझ्या पदरात काय, तर "म्म्". खोटं कशाला बोलू, त्या मायलेकींना बघितलं की माझ्या पोटात दुखायचं.

त्यात टकळी मोजताना सात खायची. चार, पाच, सहा, आठ. त्यामुळे तिने मोजले की वीसचे एकोणीस झोके व्हायचे, आणि त्याचं माझ्याशिवाय कुणाला काही वाटायचं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाळा, सहानंतर सात येतं."

तिने कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "आमच्यात नाही येत."

बटणवाली दातांनी दोरा तोडत हसली. "जाऊ द्या हो ताई. एका झोक्याने कुणी वाळत नाही."

एका बुधवारी मी बाटली भरायला नळाशी गेले. पाणी बारीक येत होतं. परत वळले तर टकळी झोपाळ्यावर होती आणि तिच्यामागे रांगेत पुढचा नंबर माझ्या मुलाचा. कुणीतरी मोजत होतं. आवाज घोगरा, कधीच न ऐकलेला.

"...तीन, चार, पाच, सहा, आठ..."

त्याचे ओठ हलत होते. माझ्या हातातली बाटली तिरकी झाली, चपला भिजल्या, तरी मी हलले नाही. अकराला त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तोंड मिटलं. पेटी बंद करावी तसं.

"बारा!" टकळी ओरडली. "बारा म्हण ना!"

बारा काही त्याने म्हटलं नाही.

बटणवालीने सुईत दोरा ओवत विचारलं, "ऐकलंत ना? आज छान मोजलं. सोमवारी जरा अडखळत होता."

"सोमवारी?"

"तुमच्या सासूबाई घेऊन आल्या होत्या तेव्हा."

म्हणजे माझ्या मुलाचा पहिला शब्द शिळा झाल्यावर माझ्यापर्यंत आला होता. आणि आला तो हिच्या हातून! मी म्हटलं, "बरं झालं, तुम्हाला तरी ऐकायला मिळालं." तिला त्यातला कुजकेपणा कळला नाही, की कळून तिने सोडून दिला, कोण जाणे. तिचं ते सोडून देणंही मला खपलं नाही.

घरी मी त्याला समोर बसवलं. "एक... म्हण, एक..." तो जमिनीकडे बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुझ्यासमोरही मोजतो." हे ऐकून तर अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "बोलला ना? मग कुठे बोलला याने काय बिघडतं?" त्याचं काहीच बिघडत नव्हतं. बापाला कुणी विचारत नाही, अजून बोलत का नाही म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला गावाबाहेरच्या नव्या उद्यानात न्यायला लागले. दोन बस बदलून. कारण घरात सांगितलं स्वच्छतेचं. खरं कारण हे की जे त्याने बटणवालीला दिलं ते मला मिळेपर्यंत हिला आणखी मिळू द्यायचं नव्हतं.

उद्यान फार छान होतं. खाली मऊ रबर, सहा झोपाळे, आणि त्यातले चार कायम रिकामे. रांगच नाही. रांग नाही म्हणून मोजणारं कुणी नाही. मी त्याला बसवून झोके द्यायचे आणि मोजायचे, स्पष्ट, सातासकट. तो पाचव्या-सहाव्या झोक्याला उतरून जायचा. आठवडाभरात त्याचं "म्म्"सुद्धा कमी झालं.

आठव्या दिवशी एक अनोळखी मुलगा झोपाळ्यावर होता. माझा मुलगा जाऊन त्याच्यामागे उभा राहिला, रांगेत राहतात तसा, हात मागे बांधून. शेजारचे चारही झोपाळे रिकामे. त्या मुलाची आई म्हणाली, "अरे, तिकडे बस की, एवढी जागा आहे." तो हलला नाही. रखवालदाराने शिट्टी मारली. "ओ ताई, मागे उभं करू नका, लागेल त्याला."

तो आपला नंबर येण्याची वाट बघत होता. कुणीतरी त्याला मोजायला सांगेल म्हणून. मी हात धरून त्याला बाहेर आणलं आणि बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी आम्ही टाकीखालच्या बागेत आलो. दुपारचे तीन, ऊन होतं, पोरं आली नव्हती. बाकावर मायलेकी. बटणवाली टकळीच्या अंगावर नवा झगा चढवून बाह्यांना टाचण्या लावत होती.

"कुठे होता इतके दिवस?" टकळी तिथूनच ओरडली. "मला मोजायला कुणी नव्हतं!"

"हलू नकोस, टोचेल," बटणवाली म्हणाली. मला म्हणाली, "आलात? बरं झालं. जा, बाटली भरून घ्या जा."

बाटली भरलेली होती. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. मी नसले तर तो बोलेल. आल्या वाटेने परत फिरावंसं वाटलं. पण मुलगा एव्हाना झोपाळ्यावर चढून बसला होता आणि वाट बघत होता.

"त्याला कोण मोजणार?" टकळीने विचारलं. "मला टाचण्या आहेत. मावशी, तुम्ही रांगेत उभ्या राहा."

मी उभी राहिले. रांगेत मी एकटीच. "एक," मी म्हटलं, "दोन, तीन..." तो पाय पुढे-मागे करत होता. "पाच, सहा, सात..."

त्याने दोन्ही पाय जमिनीला लावले. झोपाळा थांबला.

"चुकलं!" टकळी ओरडली. "पहिल्यापासून!"

मी बटणवालीकडे बघितलं. ती टाचण्या ओठांत धरून बाही दुमडत होती. मी परत सुरू केलं. सहाला आले. सात जिभेवर येऊन उभं होतं, शंभर कार्डांसकट. ते गिळलं.

"आठ," मी म्हटलं.

झोपाळा चालू राहिला. वीस म्हटलं तसा तो उतरला, रांगेच्या शेवटी गेला, म्हणजे माझ्यामागे, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"मावशी, आता तुमचा नंबर," टकळी म्हणाली.

"अगं, पाटीवर लिहिलंय, मोठ्यांनी..."

"रांगेत होतात ना?"

मी बसले. फळी इतकी खाली की गुडघे हनुवटीला लागले. साखळी करकरली. लोकांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते, हा विचार मी करते, नेहमी करते, तेव्हाही केला. मग पायाने रेटा दिला.

मागून काहीच आलं नाही. एक झोका फुकट गेला, दुसरा गेला. मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. समोरच्या टाकीच्या खांबाकडे बघत राहिले.

"एक," घोगरा आवाज म्हणाला. "दोन."

सहानंतर आठ आलं. अकरा आलं, बारा आलं. मोजलेले एकोणीस झोके, एकही जास्त नाही. तेवढ्यात बटणवालीने टाचण्या तोंडातून काढल्या आणि पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे बघितलं.

बघू दे.