चाळीस मिनिटांत हजर

मी एक वेबसाइट बोलतेय. दचकू नका. भर रस्त्यात गाडी बंद पडली की घाम पुसत तुम्ही फोनमध्ये जे पान शोधता, तीच मी. गाडी गॅरेजपर्यंत ढकलायची नाही, मिस्त्रीच हत्यारं घेऊन तुमच्यापाशी येतो. असा एक मिस्त्री होता. मी त्याची.

माझा जन्म त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ लॅपटॉप उघडून बसला होता.

"दाजी, फोटो लागेल. हसरा."

"लोक मला गाडी दाखवणार की माझं थोबाड बघणार?"

"थोबाड बघूनच गाडी दाखवतात हो."

बायकोनं इस्त्रीचा शर्ट आणून दिला. बोटांवरचं ग्रीस काही केल्या निघेना, म्हणून फोटो छातीपर्यंतच काढला.

मेहुणा हुशार. फोन नंबर सगळ्यात वर आणि ठळक, घाबरलेल्या माणसाला तो शोधावा लागू नये म्हणून. कामांची नावं साधी. पान इतकं हलकं की रेंज अगदी कमी असली तरी उघडावं. मिस्त्रीनं दोनच हट्ट धरले. एक, जमत नाहीत त्या कामांची यादी. "गिअरबॉक्स रस्त्यावर उघडत नाही, हे आधीच लिही. उगाच कुणी ताटकळत बसायला नको." दुसरा हट्ट 'घाई नाही' या बटणाचा.

"असं कोण दाबणार, दाजी?"

"सगळ्यांनाच काही आग लागलेली नसते, मेहुणेबुवा. असेल कुणी शहाणं."

ते दाबल्यावर काय उमटावं तेही त्यानंच सांगितलं : 'ठीक आहे. सवडीनं येतो.'

मेहुण्यानं बटण दिलं, पण अगदी तळाशी, फिकट करड्या रंगात. वरती मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यातलं घड्याळ बसवलं. गिऱ्हाइकानं 'बोलवा' दाबलं की चाळीस मिनिटं उलटी मोजायला लागायची, गिऱ्हाइकाच्या फोनवर आणि मिस्त्रीच्याही. शेवटच्या दहा मिनिटांत आकडे लाल व्हायचे आणि दर मिनिटाला टिंग वाजायचं.

"आणि मी दुसऱ्या गाडीखाली असलो तर?"

"तर हातातलं जरा लवकर उरका!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसला.

घड्याळ लोकांना फार आवडलं. 'पस्तिसाव्या मिनिटाला दारात!' 'शब्दाचा पक्का माणूस!' असे अभिप्राय माझ्यावर साठत गेले आणि मी फुगत गेले. मिस्त्री मात्र वाळत चालला. आधी तो काम संपल्यावर गाडीच्या मालकाशी चार शब्द बोलायचा, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकायचा. आता एक डोळा माझ्यावर असायचा. तीन वर्षांत 'घाई नाही' एकदाही कुणी दाबलं नाही.

त्या दुपारी तो एका शिंपीणबाईंच्या अंगणात होता. सायलेन्सर सुटला होता. गाडी जॅकवर चढवून झाली होती आणि फोन टूलबॉक्सवर उघडा होता. तेवढ्यात कुणीतरी लांबच्या पुलापाशी 'बोलवा' दाबलं. मी मोजायला लागले.

एरवी तो गाडीखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय शिरत नसे. जॅकचा भरवसा गाडी उचलण्यापुरताच, हे त्यानं मेहुण्याला कितीदा ऐकवलं होतं. पण स्टँड व्हॅनमध्ये टायरांच्या मागे होते. ते काढायला पाच मिनिटं गेली असती.

"ते तिवईसारखं लावता ना तुम्ही, ते नाही आज?" बाईंनी विचारलं.

"दोन बोल्टचं काम आहे, बाई. पुढचा माणूस उन्हात उभा आहे."

दुसरा बोल्ट गंजलेला निघाला, त्याच्याशी झगडण्यातच अर्धा तास गेला. माझे आकडे लाल झाले. टिंग. तो पान्याला जोर देऊ लागला. टिंग. गाडी हलली.

ती खाली आली तेव्हा माझ्यावर सहा मिनिटं उरली होती. बाईंच्या किंकाळीनं शेजारी धावले. मी मोजतच राहिले. सहा, पाच, चार. थांबायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याच दिवशी पुलावरच्या माणसानं लिहिलं : 'चाळीस मिनिटं म्हणाले, तासभर तापत उभा होतो. फोन उचलत नाहीत. खोटारडे.' खाली एक तारा.

बायकोनं ते पंधरा दिवसांनी वाचलं. शेवटचा अभिप्राय म्हणून तोच वर राहिला होता.

"एवढं तरी पूस रे," ती भावाला म्हणाली. "जन्मात कुणाशी खोटं बोलले नाहीत ते."

"ते पुसता येत नाही, ताई. उत्तर देता येतं."

"मग लिही, की ते त्या दिवशी गेले."

"असं लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकतं गं."

त्यानं मिस्त्रीच्याच नावानं, त्याच्या हसऱ्या फोटोशेजारी उत्तर टाकलं : 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुन्हा असं होणार नाही.'

माझ्यावर लिहिलेलं हे एकच वाक्य शंभर टक्के खरं निघालं.

"निदान ते घड्याळ तरी काढ."

"घड्याळामुळेच बोलावणी येतात, ताई. तुझं घर त्याच्यावरच चाललंय. बोल, काढू?"

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे परत सरकवला.

आता दोन पगारी मिस्त्री आहेत. जमत नाहीत त्या कामांची यादी गेली. फोटो राहिला, लोकांचा विश्वास बसतो म्हणून. आणि चाळिसाची तीस मिनिटं झाली.

एका दुपारी तिनं स्वतःच्या फोनवर मला उघडलं. फोटो पाहिला. मग बोटानं मला सरकवत सरकवत तळाशी नेलं आणि 'घाई नाही' दाबलं.

मी माझं काम केलं. 'ठीक आहे. सवडीनं येतो.'

ती तशीच बसून राहिली. पडदा विझला की बोट लावायची, पुन्हा वाचायची.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला पत्ता नसलेली एक नोंद दिसली. "चुकून दाबलं जातंय," म्हणत त्यानं ते बटण काढून टाकलं.

तेव्हा तुमची गाडी अडली तर मी आहेच, लगेच उघडेन. एकच विनवणी आहे. 'बोलवा' दाबण्याआधी सावलीत उभे राहा आणि खरंच घाई आहे का ते ठरवा. नसली, तर ते मला सांगायची सोय आता उरलेली नाही.