शून्य ठरवलेले मीठ

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावाचे सरपंच शालिकराम सकाळपासून आमच्या अमरावतीच्या भूजल कार्यालयात बसून होते. त्यांचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. तिथे जमिनीखालचे बहुतेक पाणी खारे. वरच्या थरात कुठे कुठे गोडे पाणी सापडते. पिण्याच्या पाण्याची सामायिक विहीर जवळच्या नाल्याकाठी खोदायची की लांबच्या गायरानात, एवढेच ठरायचे होते. खोदाईचे यंत्र नाल्याकाठी येऊन उभेही राहिले होते.

"नाल्यापाशी चाचणीचं बोअर मारलं, मॅडम. त्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजते. बायकांनी करून पायली."

"डाळ आजचं सांगते, शालिकरामजी. विहीर तीस वर्षं वापरायची आहे."

पुढचे सांगण्यासाठी आमचा प्रोग्रॅम होता. गावाच्या जमिनीचे लहान लहान चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातल्या साठ्यात रोज झिरपणारे मीठ मिळवत जायचे, असे त्याचे काम. तो माझा सहकारी पियुष याने लिहिला होता. एरवी तो चालायला अख्खा दिवस घेई. सरपंच ताटकळत बसलेले पाहून पियुषने सगळा प्रोग्रॅम कंपायलरच्या सर्वांत जलद सेटिंगवर नव्याने बांधला. माणसाने लिहिलेल्या ओळींचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. त्या आज्ञा किती काटकसरीने बांधायच्या, हे सेटिंगवरून ठरते. मागवलेला चहा येण्याआधीच उत्तर आले.

"नाल्याजवळ तीस वर्षं पाणी गोड," पियुष म्हणाला.

"मंग लावू का गावाले फोन?"

"जरा थांबा," मी म्हणाले.

आलेखातली मिठाची रेघ काही वर्षे चढत होती आणि त्यानंतर सपाट झाली होती. इतकी सपाट, की तिच्यात कंपसुद्धा नव्हता. मीठ तर रोज आत येतच होते. मग ते जात कुठे होते?

"कोड तोच आहे, मॅडम. एक अक्षर बदललं नाई मी."

मी त्याला फक्त नाल्याजवळचा चौकोन जुन्या, संथ सेटिंगवर चालवायला सांगितले. रेघ चढतच राहिली. कोड तोच, आकडे तेच, संगणकही तोच. आणि एका गावाचे दोन भविष्यकाळ.

"काहून? मशीन दोन तोंडांनी बोलून राहिली का?" शालिकरामांनी विचारले.

पियुषने दोन्ही वेळच्या यंत्राज्ञा पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या, आणि कारण दिसले. संगणक प्रत्येक संख्येचे ठरावीकच अंक जपतो. मोठ्या साठ्यात रोजची चिमूट मिळवली, की ती शेवटच्या अंकापलीकडे सांडते. हे पियुषला ठाऊक होते. म्हणून सांडलेले मीठ मोजून दुसऱ्या दिवशी परत मिळवणारी एक ओळ त्याने लिहिली होती. जलद सेटिंगमध्ये त्या ओळीचा मागमूसही नव्हता. कंपायलरने शाळेतले बीजगणित लावले होते: साठ्यात चिमूट मिळवा, त्यातून साठा वजा करा, मग चिमूट वजा करा, उरते शून्य. जे नेहमीच शून्य, ते मोजायचे कशाला? त्याने ओळ गाळली.

मी कितीतरी वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. हजारो ओळींतून कंपायलरने नेमकी हीच ओळ हेरली होती, तिच्यामागचे समीकरण ओळखले होते आणि ते अचूक सोडवले होते. गणिताच्या कोणत्याही परीक्षकाला त्याचा गुण कापता आला नसता. अनंत अंक जपणाऱ्या जगात ती ओळ खरोखरच निरुपयोगी ठरली असती. आमच्या यंत्राचे जग तेवढे मोठे नव्हते, इतकेच. चमत्कार हा शब्द मी वापरत नाही. दुसरा मोजूनमापून घेतलेला शब्द मात्र सापडेना.

"परवानगी मीच दिली त्याले," पियुष हळूच म्हणाला. "जलद म्हणजे पुस्तकातलं गणित चालन, असंच मी सांगून बसलो."

दुरुस्ती एका वाक्याची होती. बांधणीच्या सूचनांमध्ये त्याने लिहिले, की मीठ मिळवणारी ही एक फाइल काटेकोर सेटिंगवर आणि बाकी सारा प्रोग्रॅम जलदच. मग पुन्हा चालवला. आता नाल्याजवळचे पाणी बारा-तेरा वर्षांत पिण्याच्या मर्यादेबाहेर जात होते. गायरानातले तीस वर्षे आत राहत होते.

शालिकरामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नाल्याजवळच खोदीन, असं साऱ्या गावाले सांगून बसलो मी. गायरान लांब पडते. बायका मलेच शिव्या देतीन. हे तरी पक्कं हाय का?"

"नाही. हा अंदाज आहे. आधीचं उत्तर चूक होतं, एवढं मात्र पक्कं."

त्यांनी उपसरपंच देवमनला फोन लावला.

"देवमन, मशीन उचल तिथून. ... हो, मीच सांगून राहिलो. ... गायरानात ने. ... गावापर्यंतच्या पाइपासाठी भांडू ना बापा मंग! पण तिथं नोको."

फोन खिशात ठेवून त्यांनी चष्मा चढवला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पियुषभाऊ, काय खाल्लं म्हणता त्या मशीननं? दाखवा बरं मले."

पियुषने बोट ठेवले. डावीकडे, संथ सेटिंगमध्ये, आज्ञांची एक लहानशी रांग होती. उजवीकडे, जलदमध्ये, तिथे काहीच नव्हते.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि बराच वेळ त्यांची नजर तिथून हलली नाही. माझीही नाही.